घर निघालं, पायताणं राहिली

माझ्या दोघा लेकरांनो,

तुमचं पत्र आणि चित्र काल पोचलं. चित्रातल्या गाडीला चार चाकं, दोन खिडक्या आणि छपरावर धुराडं आहे. खऱ्या गाडीला धुराडं नसतं, पण असू दे, छान दिसतं. पत्रात लिहिलंय की सुट्टीत बाबा अशी राहायची गाडी भाड्याने घेणार आहे, आणि तिच्यात चपला आत ठेवायच्या की बाहेर असं विचारल्यावर तो नुसता हसला आणि म्हणाला, आज्जीला विचारा.

म्हणून आजच लिहायला बसले. तुम्ही निघायच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं. बाबाला विचारलंत तर तो चपलांची गंमत सांगेल आणि तिथेच थांबेल. आजोबांना विचारलंत तर ते रस्ते किती अरुंद होते ते सांगतील. मधली गोष्ट दोघंही सांगणार नाहीत, आणि ती तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं. शनिवारच्या मराठीच्या वर्गात ताई आता जोडाक्षरं वाचते, तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही वाचायला मिळेल.

आम्ही तशाच गाडीतून इंग्लंड फिरलो तेव्हा ताई आईच्या पोटात होती आणि धाकट्याचा पत्ताच नव्हता. आईला दवाखान्यातली नोकरी, शिवाय तिचे पाय सुजायचे, म्हणून ती घरीच राहिली. गाडीत आम्ही तिघंच होतो: मी, आजोबा आणि तुमचा बाबा. त्या तिघांतले दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

ते कसं झालं ते आधी सांगते. तुमची पणजी, म्हणजे आजोबांची आई, गावच्या, बेळगुंदीच्या घरात एका संध्याकाळी गेली. भाताची लावणी चालू होती. आम्ही लगेच फोन केला आणि बाबा मिळेल त्या विमानात बसला. दुसऱ्या दिवशी तो गोव्यात उतरला आणि चोर्ला घाटातून जांबोटीवरून गाडीने यायला निघाला. इकडे दुपारी बाराच्या सुमारास ढग भरून आले. गल्लीतली वडीलधारी माणसं म्हणाली, रात्रभर ठेवलंय, आता पाऊस येतोय, लाकडं भिजली तर काय करायचं? आजोबांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उचला."

बाबा चार वाजता आला. अंघोळी करून माणसं अंगणात बसली होती, त्यावरूनच तो समजला. दारात उभा राहून त्याने विचारलं, "चार तास थांबायचं न्हवतं व्हय, आप्पा?"

आजोबा म्हणाले, "तू दोन वर्सं आला न्हाईस. तवा ती थांबलीच होती की."

एवढंच. पुढे तेराव्यापर्यंत दोघं एका घरात राहिले, एका पंगतीत जेवले, पण एकमेकांना शब्द नाही. नंतर फोनवरही तेच. बाबा मला म्हणायचा, आप्पांना सांग गोळ्या वेळेवर घ्या. आजोबा माझ्या शेजारी बसून ऐकायचे आणि म्हणायचे, त्याला सांग घेतोय. मी दोन वर्षं दोघांचे निरोप पोचवले. एकानेही मला कधी विचारलं नाही की तुला कंटाळा येतो का.

मग ताई येणार असल्याचं कळलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की नव्या बाळाच्या घरात ही दोन गप्प माणसं नकोत. बाळ यायच्या आत हे मिटलं पाहिजे. आम्ही बाळंतपणाआधी दोन महिने इंग्लंडला येणारच होतो. बाबाने फोनवर विचारलं, "आई, तुला काय काय बघायचंय?" मी तीस वर्षं बेळगावात मुलांना इंग्रजी शिकवलं होतं. हिरवी कुरणं, दगडी खेडी, पडके मठ, सगळं फळ्यावर खडूने काढून समजावलं होतं, आणि यातलं एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, "खेडी बघायची आहेत. आणि हॉटेलात नको. आप्पांना ते जेवण चालत नाही. ती राहायची गाडी मिळते ना, ती घे."

जेवणाचं कारण खरं होतं, पण अर्धंच. हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या. गाडीला एकच खोली असते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा आजोबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. टायर बुटाच्या टोकाने दाबून बघितले. मग मला म्हणाले, "आमच्याकडं निपाणीच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांचं बिऱ्हाड असंच जातंय बघ. फकस्त ह्येला बैल न्हाईत."

तुम्हाला माहीत आहे की आजोबा बेळगाव-निपाणी आणि बेळगाव-जांबोटी मार्गावर सरकारी बस चालवायचे. इंग्लंडमध्ये गाडी चालवायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे उभा जन्म स्टिअरिंगवर काढलेला माणूस डावीकडच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसला, आणि चालवायला मुलगा. मी मागे टेबलापाशी. दोघांच्या डोक्यांच्या बरोबर मध्ये माझं डोकं येईल अशी ती जागा होती.

"त्याला सांग, आरशात बघ म्हणावं. मागं लाल गाडी हाय."

"आप्पांना सांग, बघितली."

"बघितली तर बाजूला का घेत न्हाय, विचार."

"त्यांना सांग, इथं बाजू न्हाय."

"तुम्ही दोघं," मी म्हणाले, "मला जरा खिडकीतून बाहेर बघू द्याल का? मी एवढ्यासाठी विमानात बसून आले." मग दोघं रस्त्याकडे बघू लागले. पण आजोबांचा उजवा पाय तेवढ्यातही जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होताच.

तुमची आज्जी शिस्तीची आहे हे तुम्ही ऐकलं असेल. पहिल्याच सकाळी मी वहीत दोन गोष्टी लिहिल्या. एक, निघण्याआधीची यादी: गॅस बंद, पाण्याचा नळ काढला, विजेची वायर गुंडाळली, खिडक्या, कपाटांच्या कड्या, शेंगाच्या चटणीचा डबा खाली ठेवला. पहिल्याच वळणावर तो डबा वरून पडला होता. दुसरी गोष्ट, एक नियम: चपला-बूट बाहेर. गाडी असली तरी आत आपण जेवतो, झोपतो, माझ्या पिशवीत देवाची तसबीरही होती. तेव्हा मुक्कामाला थांबलो की दारापाशी गवतावर प्लास्टिकचा कागद, त्यावर तीन जोड ओळीने, आणि पाऊस असला तर वरून दुसरा कागद. बाबा कुरकुरला, पण त्याने ऐकलं. आजोबांना सांगावं लागलं नाही.

पहिले चार दिवस आम्ही मधाच्या रंगाच्या दगडांची खेडी बघितली. एक किल्लाही बघितला. किल्ल्यावर आजोबा बुरूज बघायला थांबले नाहीत. "पाणी कुठनं आणत हुते?" एवढंच विचारलं. मी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं तेव्हा त्या स्वतः आम्हाला विहिरीपर्यंत घेऊन गेल्या. आजोबांनी वाकून खोली बघितली आणि समाधानाने मान हलवली. म्हणाले, "मग हितं माणूस राहिलं असंल." शेतांमधून गुरं मोकळी उभी असायची, राखायला कोणी नाही. ते बघून त्यांना फार काळजी वाटायची. "कुणाची असतील? सांच्याला घरला कोण नेतंय?"

रस्त्यांना दोन्ही बाजूंनी झाडांची कुंपणं होती. मी वर्गात शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर बेळगुंदीच्या बांधावरचं करवंदीचं कुंपण असायचं, कमरेएवढं. इथलं कुंपण गाडीच्या छपराच्याही वर. त्यातून रस्ता असा की समोरून सायकल आली तरी विचार करावा लागेल. आणि चौथ्या दिवशी समोरून ट्रॅक्टर आला.

मागे जाण्यावाचून इलाज नव्हता. बाबा दोन्ही आरशांत बघत होता, पण नुसतं कुंपण दिसत होतं. आजोबा दार उघडून उतरले, गाडीच्या मागे गेले आणि पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली. आपल्याकडे बसचा कंडक्टर असंच करतो. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. तुमचा बाबा लहानपणी सुट्टीत आजोबांच्या बसमध्ये इंजिनाच्या झाकणावर बसून निपाणीपर्यंत जायचा, त्याला ते कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दोन थापा, गाडी मागे. एक थाप, थांबली. पुन्हा दोन. वळण आलं तेव्हा थापा डाव्या बाजूला पडल्या आणि बाबाने चाक तसं वळवलं. पाच मिनिटांत गाडी एका शेताच्या फाटकापाशी लागली. ट्रॅक्टरवाला हात वर करून निघून गेला.

मला वाटलं, झालं. आता बोलतील. आजोबा सीटवर येऊन बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "त्याला सांग, चाकं सरळ कर म्हणावं."

आता चपलांची गोष्ट. पाचव्या सकाळी आम्ही उत्तरेकडे, यॉर्कशायरमध्ये, एका शेतावर मुक्कामाला होतो. गवत ओलं होतं. चहा झाला, पोहे झाले. मी यादी वाचली, बाबाने एकेक गोष्टीला हो म्हटलं, सगळं पुरं झालं आणि आम्ही निघालो. बाहेरचा नळ आणि वायर बाबाने चहाआधीच काढली होती आणि गाडीतल्या गाडीत सीटवर जाता येतं, त्यामुळे पुन्हा खाली उतरायचं कारण नव्हतं. बाबा अनवाणीच चालवत होता. ती त्याने आजोबांची सवय उचललेली. आजोबा बसवर चढले की पायताण काढून सीटखाली सरकवायचे, चाकाला हात लावून नमस्कार करायचे आणि मग चावी फिरवायचे. म्हणजे तीन जणांपैकी कोणाच्याही पायांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दीड तासाने आम्ही एका पडक्या मठापाशी पोचलो. त्या मठाचं चित्र मी कित्येक वर्षं वर्गाच्या भिंतीवर लावलेलं होतं. मी पदर नीट केला, पर्स घेतली, दार उघडलं आणि सवयीने खाली बघितलं.

खाली खडी होती.

यादीत चपला नव्हत्या. घरातून निघताना चपला घ्यायला कोणाला आठवण करावी लागते? त्या दारातच असतात आणि आपण त्यांच्यात पाय घालून बाहेर पडतो. घरच चालायला लागलं आणि चपला दारात राहिल्या, असं माझ्या साठ वर्षांत घडलं नव्हतं. मी त्या दोघांना सांगितलं तेव्हा माझा आवाज बारीक झाला होता. चार दिवस दोघांना शिस्त शिकवणारी मी, आणि चूक माझी.

बाबा म्हणाला, "परत जाऊन येईपर्यंत दुपार होईल. आई, तू एवढं म्हणत होतीस हे बघायचं म्हणून."

आजोबांनी खिडकीतून बघितलं. उंच कमानी, छप्पर नाही, आत सगळीकडे हिरवळ. "ते देऊळच हाय न्हवं त्यांचं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, होतं, आता पूजा होत नाही. "मग देवळात जायला पायताण कशाला लागतंय," असं म्हणून ते मोजे काढून खाली उतरले.

तिकीट बघणाऱ्या बाई आमच्या सहा उघड्या पायांकडे बघत राहिल्या. मी माझ्या उत्तम इंग्रजीत सांगितलं की आमच्यात पवित्र जागी अनवाणी जायची पद्धत आहे. त्या एकदम गंभीर झाल्या आणि त्यांनी आमच्यासाठी फाटक स्वतः उघडलं. मला आधी वाटलं आपण थाप मारली. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण खरंच तर सांगितलं.

हिरवळीपर्यंत जायला खडीची वाट होती. आजोबा सरळ चालत गेले. बाबा मात्र एकेक पाय उचलून, तोंड वेडंवाकडं करत, चटके बसल्यासारखा. मध्येच त्याचा तोल गेला. आजोबा थांबले, मागे आले आणि त्यांनी आपला खांदा पुढे केला. बाबाने हात ठेवला.

"कातडी पातळ झाली रं तुझी," आजोबा म्हणाले.

हे त्यांनी मला सांगून त्याला सांगायला लावलं नाही. त्यालाच सांगितलं.

"हितं कोण अनवाणी फिरतंय, आप्पा," बाबा म्हणाला.

मी तिथेच थांबले. पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. ते दोघं पुढे गेले आणि एका पडक्या भिंतीच्या सावलीत बसले. मी त्यांच्या मागे, खांबाच्या अलीकडे होते. चोरून ऐकणं वाईट, हे मी तुम्हाला शिकवलंय. तरी मी ऐकलं.

कावळ्यासारखे पक्षी कमानींवर ओरडत होते. मग आजोबा गवताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी पाऊस आलाच न्हाय."

बाबाला कळलं नाही. "कवा?"

"तुझी आज्जी गेली तवा. माणसं म्हणाली, पाऊस येतोय, उचला. मी उचला म्हटलं. तू आलास चारला, तवर एक थेंब न्हाय. रातभर न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "जांबोटीच्या गाडीला मी रस्त्यात हात केलेल्या माणसासाठी थांबत हुतो. लांबनं कोण पळत येताना दिसलं तर गाडी बंद करून थांबत हुतो. कुणासाठीबी. आणि तुझ्यासाठी थांबलो न्हाय."

बाबाने गुडघ्यांवर डोकं ठेवलं. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही, पण त्यात "मी दोन वर्सं" असं होतं, आणि "तिनं किती येळा बोलावलं" असं होतं. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सावकाश फिरवत राहिले, लहान मुलाला झोपवताना फिरवतात तसा. मी कमानी मोजायला लागले. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळ्या भरल्या.

शेवटी आजोबांनीच हाक मारली. "अगं, तू लांब का उभारलीस? तुझंच देऊळ हाय न्हवं हे. ये, सांग की काय काय हाय ते."

मग मी त्यांना सगळं दाखवलं. साधू कुठे जेवायचे, कुठे झोपायचे, नदीचं पाणी दगडी पाटातून स्वयंपाकघरात कसं आणलं होतं. पाण्याचं आजोबांना फार आवडलं. ते पाटाच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेले आणि बाबा त्यांच्यामागून चालत गेला, हिरवळीवरून.

परत जाताना मी टेबलापाशी बसले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुढे आजोबा म्हणत होते, "तिसऱ्यावर घे. चढ हाय."

"घेतलंय, आप्पा."

"मग दाब की. बैलगाडी हाय व्हय?"

"तुम्हीच चालवा मग."

"दिली असती त्यांनी परवानगी, तर तुला मागं चटणीच्या डब्याशेजारी बसवलं असतं."

त्या शेतावर पोचलो तर गवतावर चपला नव्हत्या. शेताची मालकीणबाई घरातून बाहेर आली. तिने तीनही जोड आत नेऊन ओसरीत ठेवले होते, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून. तिला सकाळी वाटलं होतं की आम्ही तिघं ओढ्यावर पाय धुवायला गेलोय. म्हणून तासभर वाट बघितली, मग ओढ्यापर्यंत जाऊन आली. मी तिला बेळगावची खवा-बर्फी दिली. ती वास घेऊन म्हणाली की हे ती रविवारपर्यंत जपून ठेवेल.

उरलेले दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. तेव्हापासून यादीत पहिल्या ओळीत चपला आहेत, आणि तुमच्यासाठी ती यादी मी वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून सोबत जोडली आहे. तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चपला बाहेरच ठेवा. निघताना मोजा. ते काम धाकट्याकडे द्या, त्याला आता वीसपर्यंत येतं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी ताई जन्मली. दवाखान्याच्या खोलीत आजोबा आणि बाबा इतकं बोलत होते की नर्सने दोघांना बाहेर काढलं.

त्या प्रवासातलं आता फारसं काही उरलेलं नाही. फोटो ज्या फोनमध्ये होते तो फोन बिघडला. आजोबांची ती पायताणं झिजून गेली. त्या शेतावर आता गाड्या थांबू देत नाहीत, असं बाबा म्हणाला. एक गोष्ट मात्र आहे. पणजीच्या श्राद्धाला तुमच्या बाबाला दरवर्षी येणं जमत नाही. ज्या वर्षी तो येत नाही, त्या वर्षी तुम्हाला शाळेत सोडून, घरी जाऊन, अंघोळ करून तो फोन लावतो. तेव्हा इकडे दीड वाजलेला असतो. बेळगुंदीच्या घरी पान वाढून तयार असतं, भावकीतली माणसं भुकेने कुरकुरत असतात, आणि गल्लीतले म्हातारे म्हणतात की बारा कधीच वाजून गेले. आजोबा पायरीवर बसून राहतात. फोन आल्याशिवाय ते पान कावळ्याला ठेवत नाहीत. गेल्या वर्षीही ठेवलं नाही.